भलत्याच्या घशाची तसबीर

माझ्या सख्ख्या भाचीने मला फसवले. गाठ घेतली माझ्या मानेतली आणि चित्र दिले भलत्याच्याच घशाचे. ते चित्र मी चांगल्या काचेत बसवून नारायणगावच्या माझ्या गाळ्यात लावले, दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घातला आणि बाजारात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला "हा मी आतून" म्हणून दाखवले. भाची म्हणते, "मामा, फसवलं म्हणू नका, तुमचा गैरसमज झाला." माझे सगळे आयुष्य टोमॅटोच्या बाजारात गेले आहे. गैरसमज होणे आणि होऊ देणे यातला फरक मला कोणी शिकवू नये.

मी मूळचा लोणीचा. वडाप जीपच्या मागच्या फळकुटावर लटकत नारायणगावला आलो, दुसऱ्यांचे क्रेट पाठीवर वाहिले आणि मग स्वतःचा गाळा केला. शिक्षण बेताचे. जे काही झाले ते डोळ्यांवर आणि तोंडावर झाले. बाजारात माझी ओळख एकाच गोष्टीची आहे. शेतकरी क्रेट भरताना वरच्या थराला देखणा माल लावतो. त्यात काही पाप नाही, लग्नाला जाताना आपणही धुतलेलाच सदरा घालतो. पण मी तसा माल घेत नाही. गाडीतला मधलाच एखादा क्रेट ओढतो आणि ताडपत्रीवर उपडा करतो. तळाचा माल बघितल्याशिवाय भावाची गोष्ट नाही. मी गाडीकडे निघालो की पोरे एकमेकांना सांगतात, "आले रे, ओतणारे आले." मला त्याचा राग येत नाही. बाकी पुष्कळ गोष्टींचा येतो.

करोनाची साथ सरली त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या उजव्या कानाखाली गाठ आली. ती चांगली लिंबाएवढी होईपर्यंत मी गप्प होतो. बायको गप्प नव्हती.

"अवो, ते दाखवा कुणाला तरी."

"सिझन चालूय. माल संपला की जातो."

"माल संपतोय का तुमी, ते बगू."

शेवटी पुण्याला जाऊन गाठ काढली. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, हा कॅन्सर नाही, टीबीही नाही. अंगातल्या राखणदार पेशी कधीकधी एका जागी घोळका करून बसतात, त्याची ही गाठ. का बसतात, हे अजून नीट कोणाला ठाऊक नाही. कधी आपणहून उठून जातात, कधी फुप्फुसात जाऊन ठाण मांडतात. तपासायला येत राहा.

मी विचारले, "परत येईल का?"

"सांगता येत नाही."

बाजारात कोणी "सांगता येत नाही" म्हणाला की मी समजतो, याला भाव माहीत आहे आणि हा लपवतो आहे. डॉक्टरच्या बाबतीत तसे म्हणायची सोय नव्हती, म्हणून मी तो राग घरी घेऊन आलो. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती: ती गाठ माझ्यात का बसली आणि परत बसणार का.

आता भाचीबद्दल. माझी बहीण जुन्नरला दिलेली. तिची ही मुलगी तिथेच शिकली, मग पुण्याला गेली आणि शिकतच राहिली. आता एका संशोधन संस्थेत नेमके हेच काम करते: आजारी माणसाच्या मांसाचे काप घेऊन त्यातल्या पेशी बघायच्या. हॉस्पिटलात मला भेटायला आली तेव्हा डॉक्टरचा कागद वाचून तिचे डोळे चमकले.

"मामा, तुमची गाठ फार छान आहे."

"छान काय गं?" बायको म्हणाली. "वांगं हाय का ते?"

मग तिने खाटेच्या कडेला बसून सगळे समजावले. ती बोलते छान, ते मी नाकारत नाही. गाठीचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा. पेशी अनेक जातींच्या असतात. प्रत्येक जातीला नेमके ओळखून जाऊन चिकटणारे पदार्थ मिळतात. अशा प्रत्येक पदार्थाला आधीच एकेक वेगळा धातू बांधून ठेवायचा, जनावराच्या कानाला बिल्ला ठोकतात तसा. धातूही कसे, तर अंगात एरवी सापडत नाहीत असे. मग लेसरने त्या कापाचा एकेक ठिपका उडवायचा, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत, शेत नांगरल्यासारखे. उडालेली वाफ मशीनमध्ये जाते आणि मशीन वजनावरून सांगते, या ठिपक्यात हा धातू होता, त्या ठिपक्यात तो. ठिपक्याला ठिपका जोडला की चित्र तयार.

"रंग लावून नाय का जमत?" मी विचारले.

"जमतं, पण थोडेच. जास्त रंग घातले की एकमेकांत मिसळतात, मामा. धातूंची वजनं तशी मिसळत नाहीत. एकाच कापात तीस-चाळीस गोष्टी बघता येतात."

"आन् एवढं कशाला बघायचं? पेशी मोजा की नुसत्या."

"मोजायच्या तर गाठ कुस्करून पेशी सुट्या कराव्या लागतात. मग कुठली किती ते कळतं, पण कोण कोणाच्या शेजारी बसलं होतं ते जातं. आजार त्या शेजारात असतो."

हे मला तिच्या संस्थेतल्या सरांच्याही आधी कळले असेल, असे माझे मत आहे. लिलावाला किती व्यापारी आले, यावरून काही कळत नाही. सकाळी चहाच्या टपरीवर कोण कोणाला खेटून उभा होता, ते बघावे लागते. खेटून उभे राहिलेले दोघे नंतर एकमेकांवर बोली चढवत नाहीत. मी तिला हे सांगितले तर म्हणाली, "मामा, अगदी हेच!" आणि तिथेच मी फसलो. हुशार पोरीने आपल्याला हुशार म्हटले की माणूस क्रेट ओतायचा विसरतो.

तपासणी झाल्यावर उरलेली गाठ भाचीच्या संस्थेच्या अभ्यासाला द्याल का, असे हॉस्पिटलातून विचारले होते. मी लगेच हो म्हटले नाही. लगेच हो म्हणणे माझ्या अंगात नाही. टाके निघाल्यावर चतुर्थीला आम्ही ओझरला गेलो, भाचीही आली होती. दर्शन झाले आणि देवळाच्या आवारात सावलीला बसून मी सौदा मांडला.

"गाठ देतो. पण पहिलं चित्र मला. दुसरं म्हंजे, रंग मी सांगीन."

"मामा, रंग आम्ही कॉम्प्युटरवरच भरतो. कुठलाही भरता येतो."

"मग राखणदार पेशींला लाल. पिकल्या टोमॅटोचा लाल, गुलाबी नाय. घोळक्यात मधी ज्या बसत्यात त्या पेशींला पिवळा. हिरवा वापरू नको, कच्चा माल वाटतो."

"बरं. पण मामा, एक सांगते, तुमचं म्हणून..."

"तिसरं. गाठ परत येणार का न्हाई, ते चित्रातून वाचून सांगायचं."

तेवढ्यात कोणीतरी घंटा वाजवली, बायकोने प्रसाद पुढे केला आणि भाची हसत "बरं मामा, बरं" म्हणत उठली. आमच्याकडे "बरं" म्हणून माणूस उठला की सौदा झाला. तोही देवाच्या दारात. दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलला होकार कळवला.

त्यानंतर मी दर आठवड्याला फोन करायचो. मालाची चौकशी करणे हा माझा हक्क आहे. "झालं का?" "मामा, आत्ता काप काढतायत." "झालं का?" "मामा, मशीनला नंबर लागलाय." पुढेपुढे ती फोन उचलेना, तेव्हा मी बहिणीला फोन करू लागलो. बहीण तिला करी. आईच्या फोनांना कंटाळूनच तिने मला चित्र आणून दिले, असे आता मला वाटते.

गौरी जेवल्या त्या दिवशी ती आमच्याकडे आली. पिशवीतून एक मोठी छापील तसबीर काढली. लाल! तोच लाल. काळ्या जमिनीवर पिवळे गोल आणि प्रत्येक गोलाभोवती लाल पेशींचे कडे, जणू कोणी खळे मांडून भोवती माणसे बसवली आहेत. एका कोपऱ्याला मात्र काप तुटलेला, भाकरीचा घास मोडल्यासारखा.

"बघा मामा," ती म्हणाली, "अशी असते पेशींची वस्ती."

मी पुढे काही विचारले नाही. दुसऱ्या कोणी दिली असती तर उलटीपालटी करून पाहिली असती. भाचीचा क्रेट मी ओतला नाही.

ती तसबीर गाळ्यात लागली आणि माझी ऐट वाढली, हे खरे. ती मी सगळ्यांना वाचून दाखवायचो. "हे बघा. कुणी कुणाच्या अंगावर न्हाई. ज्याचा त्याचा गाळा, ज्याची त्याची जागा." शेजारच्या गाळ्यात जुन्नरचे एक मुसलमान व्यापारी आहेत, द्राक्षांचे. आमची बरीच वर्षांची दोस्ती आहे आणि रोजचे भांडण. ते चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"भाऊ, तुमच्या आत एवढी शिस्त हाय?"

"मग!"

"मग ती बाहेर का नाय येत कधी?"

सगळा बाजार हसला. मीही हसलो, कारण तसबीर माझ्या बाजूने होती. एवढी शिस्तीत बसलेली माणसे दंगा कशाला करतील? आजार गेला, असा मी अर्थ लावला. डॉक्टरने बोलावलेल्या तारखेला बाजारात मालाची गर्दी होती, गेलो नाही. पुढच्या तारखेलाही गेलो नाही. बायको म्हणे, "त्या चित्राची नाडी बगून सांगतोय का डॉक्टर? तुमाला बोलवलंय." मी तिला तसबिरीकडे बोट करून दाखवायचो.

फेब्रुवारीत विज्ञान दिनाला भाचीची संस्था लोकांना आत येऊन बघू देते. तिने आम्हाला बोलावले. तिचे धाडस बघा, स्वतःच बोलावले! माझ्या गाठीला उडवणारे मशीन मला बघायचे होते. बायकोला पुण्यात साडी बघायची होती. दोघेही गेलो.

मशीन म्हणजे डेअरीत असते तसल्या कपाटासारखे काहीतरी, शेजारी एक पडदा. तिचे सर शाळेच्या मुलांना समजावत होते. पडद्यावर चित्र ओळीओळीने उतरत होते, दुकानाचे शटर हळूहळू खाली यावे तसे. मी ते बघत असताना माझी नजर मागच्या भिंतीवर गेली. तिथे एक भलेमोठे चित्र लावलेले होते. रंग निराळे, निळे आणि पांढरे. पण गोल तेच, कडी तीच आणि कोपऱ्याला घास मोडलेली भाकरी.

माल रंग बदलून आला तरी मी ओळखतो.

"हा मी!" मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो असेन, कारण सगळी शाळा वळली.

सर हसत पुढे आले. "काय म्हणालात, काका?"

"हे चित्र माझं हाय. माझ्या मानेतली गाठ."

"नाही हो. हे टॉन्सिल आहे. घशातलं. यात जवळजवळ सगळ्या जातींच्या राखणदार पेशी असतात, म्हणून प्रत्येक खेपेला आधी याचा एक काप चालवतो. हा नीट दिसला म्हणजे सगळं नीट चाललंय."

"कुणाचं टॉन्सिल?"

"ते काही माहीत नाही. ऑपरेशन करून काढलेलं असणार. एखाद्या लहान मुलाचंही असेल."

मी भाचीकडे बघितले. भाची मशीनकडे बघत होती. बायको आधी दोघांकडे बघत राहिली, मग तिला उलगडा झाला. "आगं बया," ती म्हणाली, "म्हंजे दसऱ्याला आमी कुणाच्या लेकराच्या घशाला हार घातला व्हता?" आणि तिला इतके हसू आले की एका मास्तरांनी उठून तिला खुर्ची दिली.

मी भाचीला बाहेर कँटीनजवळच्या झाडाखाली नेले. माझा आवाज आतपर्यंत जात होता, असे नंतर मला सांगण्यात आले. जाऊ दे.

"माझं चित्र कुठाय?"

"मामा, मला ते सापडूच शकत नाही. हॉस्पिटलातून काप येतो तेव्हा त्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो. कुठला कोणाचा हे आम्हाला कळू नये, अशीच व्यवस्था असते. तुमच्याच भल्यासाठी."

"ओझरला का न्हाई सांगितलंस?"

"सांगत होते. तुम्ही हिरवा नको, कच्चा वाटतो, यावर होतात."

"आन् गौरीला?"

आता मात्र ती पायाने खडा सरकवत म्हणाली, "तुम्ही आईला रोज फोन करत होतात. वाटलं, एक बघायला मिळालं की तुमचं समाधान होईल. रंगही तुम्ही सांगितलेलेच भरले. पण हे तुमचं आहे, असं मी म्हटलं का?"

"म्हटलं न्हाईस. न्हाई असंबी म्हटलं न्हाईस. एका वावराचा नमुना दाखवून दुसऱ्या वावराचा माल देणाऱ्याला आमच्याकडं बाजारात उभं करत न्हाईत!"

"मामा, लोक बघतायत."

"बगू दे. माझ्या गाठीचा काप आण."

"तो उडाला."

"उडाला म्हंजे?"

"लेसरनं ठिपका ठिपका उडवूनच चित्र होतं ना, सांगितलं होतं तुम्हाला. काप राहत नाही. तुमचं चित्र आमच्याकडे कुठेतरी आहे, बाकीच्यांच्या चित्रांत. पण मेणात बसवलेला मूळ तुकडा हॉस्पिटलात आहे, तो तुमच्या नावानंच असतो."

"मग काढा दुसरा काप! त्याच्यावर माझं नाव घाला आन् सांगा काय ते."

"एकट्याच्या चित्रावरून अजून काही सांगता येत नाही, मामा. खूप जणांची चित्रं शेजारी-शेजारी ठेवायची, कोणाचा आजार परतला, कोणाचा नाही ते बघायचं, मग कुठे अंदाज येईल. खोटं काही वाचून दाखवू का तुम्हाला?"

एका क्रेटवरून बाजारभाव निघत नाही, हे मला ती सांगत होती. मला! याच्यावर माझ्याकडे उत्तर तयार होते, पण ते द्यायच्या आधी बायको आली. आता ती हसत नव्हती.

"आगं, तुला येक सांगायचं व्हतं," ती भाचीला म्हणाली. "परवा तेल लावताना ह्यांच्या कानाखाली परत हाताला लागलं. वाटाण्यायेवढं. म्या म्हटलं, चला डॉक्टरकडं. तर म्हणत्यात, चित्र बघ, कसं शांत हाय."

भाचीचा चेहरा उतरला. तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांत, तिने माझ्या मानेला हात घातला. बोटे थंडगार होती तिची.

"मामा, तुम्ही तपासायला जात नव्हतात? कधीपासून?"

उत्तर मागायला मी आलो होतो, द्यायला नव्हे.

त्या दिवशी साडी राहिली. भाचीने आम्हाला तिच्या खोलीवर ठेवून घेतले आणि सकाळी स्वतः डॉक्टरकडे नेले. वाटेत रिक्षात ती एकदाही हसली नाही. मला ते सहन होईना, म्हणून मी म्हणालो, "माझी गाठ छान हाय म्हणत व्हतीस. आता दुसरी आली, तर तोंड का पाडतीस?" तरी हसली नाही. डॉक्टरने पाहिले, फुप्फुसांचा फोटो काढला, रक्त घेतले. फुप्फुसे स्वच्छ निघाली. गाठ लहान आहे, म्हणाला, लक्ष ठेवू, आता मात्र तारीख चुकवू नका. मी विचारले, वाढेल का? तर पुन्हा तेच: सांगता येत नाही.

तेव्हापासून मी सगळ्या तारखांना जातो. भाची दारात उभी असते, मी चुकवीन म्हणून. गाठ अजून वाटाणाच आहे. घोळका उठतो आहे की जमतो आहे, कोणालाच माहीत नाही.

तसबीर मी उतरवायला निघालो होतो. द्राक्षवाल्या दोस्ताने अडवले. "राहू द्या भाऊ. लेकराचा घसा हाय, बरा झाला असंल आतापोतर. गाळ्यात काहीतरी बरं झालेलं असावं." म्हणून ती आहे. लोक विचारतात, हे काय? मी सांगतो, बयाणा आहे, खरा माल यायचा बाकी आहे.

आता भाचीचे लग्न ठरले आहे. पहिला पेढा घेऊन ती माझ्याकडेच आली. मी तोंड फिरवले आणि म्हणालो, मामा म्हणून मांडवात उभा राहणार नाही. "नका राहू," ती म्हणाली, "मग आईला तुम्हीच सांगा." बहिणीला सांगायची हिंमत माझ्यात नाही, हे पोरीला पक्के ठाऊक आहे. सौदा करायला ती माझ्याकडेच शिकली.

तर मी येणार. हात धरून तिला मांडवात आणणार, तिच्या मागे उभा राहणार. पण अंतरपाट धरला आणि भटजींनी घसा साफ केला की मी त्यांना थांबवीन आणि सगळ्या वऱ्हाडासमोर विचारीन. तिच्या सरांनाही पत्रिका गेली आहे, त्यांनीही पुढच्या रांगेत बसावे. नंबर तुमचे, मशीन तुमचे, चित्रही तुमच्याकडेच पडले आहे. मान माझी आहे. माझ्या गाठीत कोण कोणाला खेटून बसले होते आणि तेच आता परत जमायला लागलेत का? दोघांपैकी कोणीही सांगा, पण सांगा. "बरं मामा" आता चालणार नाही.